पाटी कोणाच्या गळ्यात

“इन इंग्लिश, चिल्ड्रन, इन इंग्लिश.”

पत्र्याच्या छपरावर नारळ पडावा तसा मिस इव्हांगेलिस्तांचा आवाज आमच्या वर्गात पडायचा. त्याला आता पन्नास वर्षं झाली. मधे एक महासागर ओलांडून झाला, इथल्या विनिपेगच्या थंडीने कानांच्या पाळ्या कितीदा बधिर करून झाल्या, पण तो आवाज कानातून हलला नाही. अजूनही इथल्या दुकानात कोणी मनिलाच्या उत्तरेकडच्या आमच्या पंगासिनान बोलीत कोळंबीचा भाव विचारला की माझी मान आपोआप मागे वळते, मिस कुठे उभ्या आहेत ते बघायला.

मिसकडे एक लाकडी पाटी होती, तिला काथ्याची दोरी. शाळेच्या आवारात जो घरची बोली बोलेल त्याच्या गळ्यात ती पडायची. मग त्याने कान टवकारून फिरायचं, दुसरा कोणी बोलीत बोलताना सापडला की आपली पाटी त्याच्या गळ्यात घालायची आणि मोकळं व्हायचं. शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात उरेल त्याने वर्ग झाडायचा. मला सांगायला अभिमान वाटतो की त्या शाळेतली सगळी वर्षं सरली, पण त्या दोरीने माझ्या मानेला कधी स्पर्श केला नाही. एकदा मी आवारातल्या पेरूच्या झाडावरून पडलो, मनगट मोडलं, आणि त्याही वेळी मी इंग्रजीतच विव्हळलो, असं मला पक्कं आठवतं.

पुरिताची गोष्ट वेगळी. ती माझ्याच वर्गात होती. बाकीच्या मुली गळ्यात क्रूस घालायच्या, ही पाटी. पुढे तिच्याशीच माझं लग्न झालं. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरी दोघांच्या खांद्यांवरून मिळून एक दोरी घालतात. ती घालताना तिचा भाऊ सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाला, “हिला सवय आहे.”

तिकडे मी इंग्रजी शिकवत होतो. इथे इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम आहे. विषय बदलला, डाग काढायचं काम तेच. धुलाईखान्याच्या भिंतीवरच्या सूचना मीच लिहितो, आणि त्या इथे जन्मलेले लोकसुद्धा दोनदा वाचतात. पुरिता म्हणते, एकदा कौतुकाने आणि एकदा अर्थ लागावा म्हणून. तिच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

एवढी पार्श्वभूमी असलेल्या माणसाला आमच्या कुटुंबाचा ग्रुप रोज उघडावा लागतो, हे आधी लक्षात घ्या. ‘तामोंदोंग परिवार’ असं त्याचं भारदस्त नाव मीच ठेवलंय. त्यात गावाकडची माझी आई आणि तिला सांभाळणारी बहीण लुदी, दुबईतला चुलतभाऊ बोनिंग, इथे आम्ही, आमची मुलगी, आमची नात अमिहान, आणि जगात जिथे जिथे म्हातारी माणसं, जहाजं आणि इस्पितळं आहेत तिथे तिथे नोकरीला असलेली भाचरं. बोनिंगचा नमुन्यादाखल एक संदेश देतो. “गाईज, टुडे ड्युटी फारच टॉक्सिक, आय कान्ट ना, कोणीतरी मला ओढून न्या प्लीज.” मूळ संदेशात बोली होती, मनिलाची तागालोग होती आणि इंग्रजीही होती. एका ओळीत तीन भाषा, आणि तिन्ही जखमी.

पण बोनिंगचं सोडा, तो वाया गेलेला आहे. माझा जीव तुटत होता अमिहानसाठी. पोरगी आठ वर्षांची, जन्म इथला. घरची बोली तिला येत होती ती ‘ये, जेव, झोप’ एवढीच. मागच्या हिवाळ्यात तिने आपल्या पणजीला, म्हणजे माझ्या आईला, आवाजी संदेश पाठवायला सुरुवात केली. तिला ती लोलाच म्हणते, म्हणजे आजी.

“लोला, टुडे खूप कोल्ड. माझा वन ग्लोव्ह बर्फाने खाल्ला.”

आणि आई, जिने दुसरीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, ती उलट म्हणायची, “डोन्ट क्राय, बाळा. बर्फाला सांग, यू व्हेरी बॅड. ग्लोव्ह गिव्ह बॅक, नाहीतर लोला येईल विथ झाडू.”

हिवाळाभर हे चाललं. पोरीची बोली वाढत गेली, आईचं इंग्रजी वाढत गेलं, आणि दोन्हींचा दर्जा खालावत गेला. मी शिकवायला तयार असताना. स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर मी बसलेला असताना.

त्यात आईचा पंच्याऐंशीवा वाढदिवस आला. आई म्हणजे गावात कोड्यांसाठी नावाजलेली बाई. पावलाला पाऊल जुळावं तशी तिची ओळीला ओळ जुळते. तिच्या वाढदिवसाला घरातल्या सगळ्यात लहान बोलत्या पोराने नवं कोडं घालायचं, तिने ते सोडवायचं. सुटलं नाही तर गुळाच्या चिकट भाताची वडी पोराची, सुटलं तर तिची. यंदा पाळी अमिहानची होती. दोघींनी एकमेकींना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. आईचं वय बघता पुढे कधी पाहतील का, हे घरात कोणी बोलून दाखवत नाही. म्हणजे शनिवारी पडद्यावर जे काय होईल तेच त्यांचं भेटणं. आणि त्या भेटीत माझी नात, एलपिदियो तामोंदोंगची नात, अख्ख्या गावासमोर असली खिचडी ओकणार. मी ठरवलं, वाढदिवसाच्या आत ग्रुप स्वच्छ करायचा.

पुरिताने मला सल्ला दिला नाही. फक्त त्या दिवशी भात जरा जोरात वाढला.

सल्ला दिला तो खालच्या मजल्यावरच्या आर्सेनियोने. हा जहाजावरून निवृत्त झालेला. प्रत्येक बंदरावर जेवण मागता येईल एवढी भाषा त्याला येते, आणि एवढ्यावर तो भाषातज्ज्ञ आहे. जिन्यात मला अडवून म्हणाला, “नियम कर, पण नियमाला शिक्षा जोड. शिक्षेशिवाय नियम म्हणजे मिठाशिवाय सुकट. दोन दिवसांत वास मारतो.”

म्हटलं, “शिक्षा काय करू? ग्रुपवर उभं कसं करणार कोणाला?”

“तुमच्या शाळेत ती पाटी होती ना?” तो म्हणाला.

मी त्या माणसाला जिन्यातच मिठी मारली, याचं मला आज वाईट वाटतं.

नियम साधा होता. एका संदेशात एकच भाषा. हवं तर संपूर्ण इंग्रजी, हवं तर संपूर्ण बोली. सरमिसळ करणाऱ्याला पाटी. मी एका फळीवर ‘मी भाषा नासवली’ असं सुबक अक्षरात रंगवलं, तिचा फोटो काढला, आणि ज्याच्या नावाने तो पडेल त्याने दुसरा गुन्हेगार सापडेपर्यंत तो आपल्या फोटोच्या जागी लावायचा, असं जाहीर केलं.

पहिला दिवस उत्तम गेला. पाटी अर्थातच बोनिंगला पडली. पण माणसाचा स्वभाव बघा. पाटी उतरवायची तर दुसरा सापडायला हवा, म्हणून हा इसम नीट बोलायला शिकण्याऐवजी सावज शोधत बसला. दुबईहून त्याने गोड आवाजात विचारलं, “अमिहान, तुझ्या ग्लोव्हचं पुढे काय झालं?” पोरगी बिचारी खुलली. “अंकल बोनिंग, ग्लोव्ह फाउंड झाला, बट ओला ओला.”

पाटी अमिहानच्या गळ्यात पडली. मांजरीच्या पिलाचा फोटो होता तिचा, त्या जागी माझं सुबक अक्षर आलं.

त्यानंतर तिने ग्रुपवर एक शब्द उच्चारला नाही. मी म्हटलं, विचार करतेय, शुद्ध वाक्य जुळवतेय. हळूहळू बाकीचेही विचार करू लागले. बोनिंग गप्प झाला. भाचरं गप्प झाली. लुदी रोज आईच्या जेवणाचं ताट दाखवायची, तीही बंद झाली. फक्त माझे संदेश उरले, एकाखाली एक, रिकाम्या चर्चमधल्या पाद्र्यासारखे. आईने एकदा एक संदेश सोडला, शुद्ध बोलीत. “पोरगी बोलत का नाही? आजारी आहे का?” त्याचं उत्तर कोणी दिलं नाही, कारण आपली बोली शुद्ध लिहायची कशी हे कोणालाच येत नव्हतं. मी इंग्रजीत दिलं. ते आईला वाचता येत नाही.

मग मात्र माझा तोल गेला. ज्यांच्यासाठी करावं ते असे तोंड शिवून बसणार असतील तर आपणही लेखणी दाखवावी, म्हणून मी शुक्रवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर नीट बसून ग्रुपला एक निवेदन लिहिलं. त्या इंग्रजीचं मराठीत रूप द्यायचं तर असं होईल: ‘अत्यंत जड अंतःकरणाने आपणांस कळविणे भाग पडत आहे की, आपल्या परिवाराची अपरिमित हानी झालेली असून, या दुःखद प्रसंगी सर्वांनी आत्मचिंतन करावे. आपला, एलपिदियो.’ हानी म्हणजे अर्थात भाषेची. संदर्भ उघड होता.

एक गोष्ट मी विसरलो. आमच्या लोकांत सरळ, शुद्ध, इस्त्रीचं इंग्रजी दोनदाच लिहिलं जातं. व्हिसा नाकारला तर, नाहीतर कोणी गेलं तर. आणि मी व्हिसाचा उल्लेख केलेला नव्हता.

अर्ध्या तासात ग्रुपवर मेणबत्त्या पेटल्या. जे भाचे आठवडाभर मुके होते ते एकेक मेणबत्ती लावून पुन्हा मुके झाले. बोनिंगचा फोन आला. रडत होता. “कुया, अरे दादा, कोण गेलं? सांग ना, कोण?” म्हटलं, “कोणी नाही गेलं, मूर्खा. नीट वाच.” तर म्हणतो, “दोनदा वाचलं, कुया. तुझं पहिल्यांदा कधी कळतं?”

गावाकडे तोवर संध्याकाळ झाली होती, आणि गाव कामाला लागलं होतं. आमच्याकडे मयताच्या घरापुढे गावकीचा तंबू लागतो. त्यावर गावच्या कप्तानाचं, म्हणजे सरपंचाचं, नाव इतक्या मोठ्या अक्षरांत असतं की लांबून बघणाऱ्याला कप्तानच गेला असं वाटावं. लुदी आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. दोघी परतल्या तर अंगणात तंबू, पत्त्यांची टेबलं, कॉफीचं पातेलं, आणि शेजारणींनी आणलेली बिस्किटं. आईने विचारलं, कोण वारलं? बायका म्हणाल्या, ते अजून कळलं नाही, पण तुमच्या पिदिंगचा, म्हणजे माझा, इंग्रजीत निरोप आलाय.

काही लोकांचं मत पडलं की मीच गेलो. यावर आई काय म्हणाली ते लुदीने मला जसंच्या तसं सांगितलं, गरज नसताना. “तो गेला असता तर त्याने आधी स्वतः कळवलं असतं. पान भरून.”

आता तंबू काढायचा. वाटतं सोपं. मी कप्तान हिलारियोला फोन लावला. म्हटलं, तंबू राहू द्या, उद्या आईचा वाढदिवस आहे, त्यालाच होईल.

“वाढदिवसाचा तंबू वेगळा,” कप्तान म्हणाला. “त्याला नंबर लावावा लागतो. गावची जत्रा होईपर्यंत नंबर नाही. हा मयताचा आहे.”

“मयत कोणीच नाही.”

“वहीत नोंद झालीये.”

“कोणाच्या नावाची?”

कागद चाळल्याचा आवाज आला. “एलपिदियो तामोंदोंग. कंसात, बहुधा.”

मी सांगितलं, मी एलपिदियो तामोंदोंगच बोलतोय. कप्तान विचारात पडला. म्हणाला, “कुया, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण वहीचा नाही. आणि खरं सांगू का, तुमचं ते पत्र मी पण पाहिलं. जिवंत माणूस असं लिहीत नाही.”

शेवटी मला पासपोर्ट गालाशी धरून पडद्यासमोर बसावं लागलं. कप्तानाने मला डावीकडे बघायला लावलं, उजवीकडे बघायला लावलं, मग एक अर्ज करायला सांगितला. मी तो तिथल्या तिथे इंग्रजीत करून पाठवला. तो वाचून त्याने पुन्हा विचारलं, “नक्की जिवंत आहात ना?” तंबू वाढदिवसाला ठेवता येईना, मयत नाही म्हणून मयतालाही ठेवता येईना, आणि काढताही येईना, कारण आमच्यात मयताच्या मांडवातलं खाणं घरी न्यायचं नसतं. मृत्यू पाठोपाठ येतो म्हणतात. बिस्किटं संपेपर्यंत कोणी उठायला तयार नव्हतं, आणि शेजारणींनी बिस्किटं भरपूर आणली होती.

“तुम्ही काळजी करू नका,” कप्तान म्हणाला. “‘पाटीशिवाय’वर सगळं ठरलंय. लोक बसूनच राहतील, उद्या वाढदिवस लागला की तोच मांडव. वहीत मी लिहितो, दुःख लांबलं.”

“कशावर ठरलंय?”

पुन्हा कागद चाळल्याचा आवाज आला. कप्तान चांगला माणूस आहे, त्याला खोटं बोलायला वेळ लागतो.

तर असं होतं. ‘पाटीशिवाय’ नावाचा दुसरा ग्रुप होता. त्यात माझी आई होती, लुदी होती, बोनिंग होता, सगळी भाचरं होती, माझी स्वतःची मुलगी होती. गावचा कप्तान होता, जो आमचा कोणी लागत नाही. आर्सेनियो होता. ज्याने मला शिक्षेचा सल्ला दिला, तो शिक्षेबाहेर बसून सुकटीचे फोटो टाकत होता. आठवडाभर तिथे हसणं-खिदळणं चालू होतं आणि मी इकडे रिकाम्या देवळात घंटा बडवत होतो.

“काढला कोणी हा ग्रुप?” मी विचारलं.

“नाव नाही सांगू शकत,” कप्तान म्हणाला, “पण आमंत्रण तुमच्याच घरातून आलं.”

मी वळून पाहिलं. पुरिता लसूण सोलत होती. इतक्या निष्पाप चेहऱ्याने लसूण सोलणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

“तू?”

“तू विचारलं नाहीस,” ती म्हणाली.

“आणि अमिहान? तीपण आहे त्यात?”

इथे मात्र तिचा हात थांबला. “तिला मीच पहिली घेतली. पण ती तिथेही बोलत नाही, पिदिंग. म्हणते, पाटी माझ्याकडे आहे, मी बोलले तर लोलाही तसंच बोलेल आणि मग पाटी तिला पडेल.”

मी पासपोर्ट कपाटात ठेवायला उठलो. अपमान झालेल्या माणसाने निदान कागदपत्रं सांभाळावीत.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे पडद्यासमोर बसलो. तिकडे संध्याकाळ. कप्तानाच्या नावाखाली आई बसलेली, केसांत फूल, पुढ्यात वाढदिवसाच्या लांब शेवया, शेजारी गुळाच्या भाताची वडी केळीच्या पानावर. मागे लोक पत्ते खेळत कालची बिस्किटं संपवत होते. आईने चष्मा पुसला आणि पडद्याच्या अगदी जवळ आली.

“अमिहान कुठाय? कोडं आण. वडी गार होतेय.”

अमिहान माझ्याशेजारी होती. नवा फ्रॉक, हात मांडीखाली दाबलेले. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी शक्य तितक्या मायेने म्हटलं, “सांग ना. संपूर्ण इंग्रजीत सांग, नाहीतर संपूर्ण बोलीत. लोलो, तुझा आजोबा, दोन्हीला तयार आहे.”

“मला दोन्ही अर्धं अर्धंच येतं,” ती म्हणाली, इतकं हळू की तिकडे कोणालाच ऐकू गेलं नसावं. पण पत्ते थांबले.

“पिदिंग,” आई म्हणाली, “जरा बाजूला हो. पोरगी दिसत नाही मला.”

मी आडवा बसलेलो नव्हतो. हे मी आजही शपथेवर सांगेन. तरी मी सरकलो नाही, कारण सरकणं म्हणजे आडवा होतो हे कबूल करणं. पोरीने हात मांडीखाली आणखी दाबले. तिकडे आईचा चेहरा पडद्यापासून थोडा मागे गेला, कोणी दार उघडत नाही म्हटल्यावर माणूस उंबऱ्यावरून मागे होतो तसा.

तेव्हा पुरिता उठली. अमिहानच्या मागे उभी राहिली, तिच्या खांद्यांवर हात ठेवून म्हणाली, “तू बोल, बाळा. पाटी पडलीच तर ती मी घेईन. मला सवय आहे.”

अमिहानने एकदा श्वास घेतला आणि सुरू झाली:

“वरून येतं स्लोली स्लोली, पाय नाही त्याला,
लोलोच्या टकलावर सिट करून व्हॅनिश झाला.”

पहिल्या ओळीत ‘येतं’ आणि दुसऱ्या ओळीत ‘झाला’. मी डोळे मिटून घेतले. पण ओळीला ओळ जुळली होती, हे मला कानांनी ऐकावंच लागलं. तिकडे आई हाताने ताल धरून ओळी पुन्हा म्हणून बघत होती, ‘स्लोली स्लोली’ तोंडात गुळासारखी घोळवत. आयुष्यात बर्फ न पाहिलेली ती बाई शेवटी म्हणाली, “स्नो. पण पुअर स्नो. एवढं वरून आलं आणि पडलं कुठे, तर पिदिंगच्या डोक्यावर.”

कालपासून माझ्या मयताला बसलेला गाव हसला. पत्तेवाले हसले, दुबई हसली, कप्तान आपल्या तंबूखाली हसला. कोडं सुटलं होतं, म्हणजे वडी आईची. तिने वडीचे दोन तुकडे केले, एक तोंडात टाकला, दुसरा पडद्याला टेकवला.

“हा तुझा. कम अँड गेट.”

“आय विल येईन, लोला,” अमिहान म्हणाली. “डोन्ट खा.”

पडदा बंद झाल्यावर अमिहान मांजरीच्या पिलाचा फोटो परत लावायला पळाली. मी मात्र माझं म्हणणं मांडलं. मांडायलाच हवं होतं. म्हटलं, पुरिता, सगळ्या घराण्यात एक माणूस असा आहे की ज्याच्या गळ्यात पाटी कधी पडली नाही, एकदाही नाही, आणि त्याच माणसाला तुम्ही तंबूत बसवून, वहीत मारून, टकलासकट गावाला वाटलंत. जरा तरी चाड हवी.

पुरिता टेबल आवरत होती. ती म्हणाली, “पेरूवरून पडलास तो दिवस आठवतो?”

“आठवतो की. मनगट मोडलं, तरी इंग्रजीतच...”

“तू ‘नानाय, आई गं, मला घरी ने’ म्हणून रडत होतास. आपल्या बोलीत. नाक वाहत होतं. झाडाखाली मी एकटीच होते आणि पाटी माझ्याच गळ्यात होती. तुला घालायची आणि सुटायचं, एवढंच होतं. मिसनी येऊन विचारलं, बोली कोण बोललं. मी म्हटलं, मी.”

मी माझं जुनं मनगट चाचपून पाहिलं.

“का नाही घातलीस?” मी विचारलं.

तिने ओलं फडकं केळीच्या पानासारखं नीट घडी करून ठेवलं.

“इतकी वर्षं तू माझ्या शेजारच्या बाकावर बसून बोलत होतास, पिदिंग,” ती म्हणाली. “त्या दिवशी पहिल्यांदा मला तुझं बोलणं कळलं.”